राजपुत्र आणि रानकांदा

श्रोतेहो, इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे राजे, सेनापती, तह आणि लढाया उभ्या राहतात. वनस्पतींना त्यात जागा मिळालीच, तर ती मिरी, लवंग, ऊस, चहा, अफू अशा मातबर वनस्पतींना. कारण त्यांच्यापायी गलबते हाकारली गेली, पेठा वसल्या आणि राज्ये बुडाली. आज ज्या वनस्पतीविषयी मी चार शब्द बोलणार आहे, तिच्या वाट्याला असे काही आले नाही. वीतभर उंचीचा दांडा, दोन अरुंद पाने, पांढऱ्या फुलांचा एक झुबका आणि जमिनीत सुपारीएवढा कांदा, एवढाच तिचा संसार. परंतु या रानकांद्याने एकदा एका राजपुत्राचे प्राण वाचविले, आणि त्या प्राणरक्षणामुळे एका लोकसमूहाच्या जीवनाची सविस्तर हकीकत जगाला मिळाली. ही हकीकत जितकी सुरस तितकीच विषण्ण करणारी आहे.

उत्तर अमेरिकेच्या मध्यभागी, मिसिसिपी नदी आणि रॉकी पर्वत यांच्या दरम्यान, गवताळ मैदानांचा एक अफाट प्रदेश पसरला आहे. आपल्याकडे सह्याद्रीने पावसाळी ढग अडविल्यामुळे घाटमाथ्याच्या पूर्वेस जसे कोरडे माळ लागतात, तसाच प्रकार तेथे रॉकी पर्वताने केला आहे. पर्वताच्या जवळचा पट्टा विशेष कोरडा. तेथे झाड दिसले तर नदीच्या काठाला. एरवी क्षितिजापर्यंत गवत. हिवाळ्यात तेथील जमीन दगडासारखी गोठते आणि उन्हाळ्यात भाजून निघते. अशा ठिकाणी जगावयाचे तर शिधा जमिनीखाली साठवावा लागतो. आपला हा रानकांदा नेमके तेच करतो. बर्फ वितळताच, आजूबाजूचे गवत डोके वर काढण्यापूर्वी, त्याची हिरवी पाने बाहेर येतात. मे-जूनच्या सुमारास तो फुलतो, बी धरतो, आणि उन्हाचा कडाका वाढला की वरचा सारा पसारा वाळून जातो. खाली कांदा मात्र सुरक्षित असतो. त्याच्यावर तंतूंचे एक जाळीदार, करड्या रंगाचे आवरण असते. जाडेभरडे विणलेले कापड गुंडाळावे तसे ते दिसते.

या आवरणावरूनच वनस्पतिशास्त्रज्ञांनी त्याचे नामकरण केले. प्रथम त्यास ‘ॲलियम रेटिक्युलेटम’ म्हणजे जाळीदार कांदा असे नाव मिळाले. पुढे ते नाव दुसऱ्याच एका वनस्पतीस दिले गेले असल्याचे लक्षात आल्याने, १९१३ साली नेल्सन आणि मॅकब्राइड या शास्त्रज्ञांनी त्यास ‘ॲलियम टेक्स्टाइल’ म्हणजे विणलेला कांदा असे नवे नाव दिले. कॅनडातील मॅनिटोबा व आल्बर्टापासून दक्षिणेस न्यू मेक्सिकोपर्यंत कोरड्या माळांवर आणि टेकड्यांवर तो आजही उगवतो.

गोऱ्या प्रवाशांना या माळावरच्या कांद्यांची ओळख तशी लवकरच झाली होती. १८०५ साली मेरिवेदर लुइस आणि विल्यम क्लार्क यांची प्रसिद्ध तुकडी मिसुरी नदीतून पश्चिमेकडे चालली होती. त्या वर्षीच्या २२ जुलै रोजी, आज ज्यास माँटाना राज्य म्हणतात त्या प्रदेशातील एका बेटावर लुइसला रानकांद्यांचे मोठे रान आढळले. बंदुकीच्या गोळीएवढे, पांढरे, कुरकुरीत आणि रुचकर असे ते कांदे त्याने स्वतः मोठ्या प्रमाणावर गोळा केले. मागून होड्या आल्यावर सर्व मंडळी न्याहारीसाठी थांबली आणि तीही कांदे वेचू लागली. लुइसने बीसुद्धा जमविले, आणि त्या बेटाला ‘कांद्याचे बेट’ असे नाव देऊन टाकले. तो कांदा नेमका आपल्या कथेतील जातीचाच होता असे नव्हे, त्याचे भाऊबंद त्या मुलखात अनेक आहेत. परंतु ही वनस्पती मोलाची आहे, एवढे त्या चाणाक्ष माणसाने ओळखले होते.

हे मोल ओळखले न गेल्यास काय होते, याचा दाखला पुढे चौदा वर्षांनी मिळाला. १८१९ साली अमेरिकेच्या सरकारने मिसुरीच्या वरच्या खोऱ्यात आपला दरारा बसविण्यासाठी एक मोठी लष्करी मोहीम पाठविली. कर्नल हेन्री ॲटकिन्सन याच्या हाताखालील या पलटणींनी आजच्या नेब्रास्का राज्यात, कौन्सिल ब्लफ्स या ठिकाणी हिवाळ्यासाठी तळ ठोकला. खारवलेले मांस आणि कोरडे धान्य यांवर सैनिकांचा गुजारा होता. हिवाळा सरता सरता माणसे एकामागून एक अंथरुणास खिळू लागली. हिरड्या सुजत, दात हलत, पायांवर काळेनिळे डाग पडत. हा रोग होता स्कर्व्ही. त्या काळच्या वृत्तांतानुसार तीनशेहून अधिक सैनिक आजारी पडले आणि सुमारे शंभर दगावले. रुग्णालयात जाणे म्हणजे थडग्याचा परवाना मिळणे, अशी सैनिकांची समजूत झाली होती. वसंत ऋतू आला, माळावर हिरवळ फुटली, आणि हिरव्या पाल्याबरोबर हा पांढऱ्या फुलांचा कांदा खुडून खाऊ घालण्यास सुरुवात झाली, तेव्हा उरलेल्यांना उतार पडू लागला. पुढील वर्षापासून त्या छावणीत सैनिकांच्या हाती नांगर देऊन शेती आणि भाजीपाला पिकविण्यात येऊ लागला. लष्कराने धडा घेतला खरा, परंतु शंभर माणसे गमावल्यानंतर.

आता आपल्या राजपुत्राकडे वळू. वीडचा राजपुत्र मॅक्सिमिलियन याचा जन्म १७८२ साली जर्मनीतील ऱ्हाइन नदीकाठच्या एका छोट्या संस्थानिक घराण्यात झाला. नेपोलियनविरुद्धच्या युद्धात तो प्रशियाच्या सैन्यात लढला. परंतु त्याचा खरा ओढा होता निसर्गविज्ञानाकडे. १८१५ ते १८१७ या काळात त्याने ब्राझीलची अरण्ये पालथी घातली होती. वयाच्या पन्नाशीत त्याने पुन्हा अटलांटिक ओलांडला. बरोबर कार्ल बोडमर हा तरुण स्विस चित्रकार आणि ड्रायडॉपेल नावाचा शिकारी होता. १८३३ साली सेंट लुई येथून आगबोटीने ही मंडळी मिसुरीतून वर गेली, आणि माँटानापर्यंतचा मुलूख पाहून त्या वर्षीच्या नोव्हेंबरात हिवाळा काढण्यासाठी फोर्ट क्लार्क येथे येऊन राहिली.

फोर्ट क्लार्क नावाने किल्ला असला, तरी वस्तुतः ती लाकडी कुंपण घातलेली, कातड्यांचा व्यापार करणारी एक वखार होती. जेम्स किप हा तिचा कारभारी. शेजारीच मॅन्डन लोकांचे गाव वसले होते. हे लोक भटके नव्हते. नदीकाठच्या उंचवट्यावर मातीने लिंपलेली मोठी गोल घरे बांधून ते राहत. मका, घेवडा, भोपळा आणि सूर्यफूल यांची शेती त्यांच्या स्त्रिया करीत. पुरुष बायसन नावाच्या रानगव्यांची शिकार करीत. मॅक्सिमिलियन रोज त्यांच्यात बसे. त्यांची भाषा, त्यांचे उत्सव, घरे बांधण्याची रीत, मुलांची नावे, देवादिकांच्या कथा, सारे काही तो बारकाईने टिपून घेई. बोडमर त्यांची चित्रे काढी. थंडी इतकी की रंग गोठत आणि कुंचले गरम पाण्यात बुडवून वापरावे लागत. मातो-तोपे म्हणजे ‘चार अस्वले’ या नावाचा मॅन्डनांचा पराक्रमी सरदार तर या दोघांचा स्नेहीच झाला होता.

मात्र त्या हिवाळ्यात गवे दूर गेले होते आणि ताजे मांस मिळेनासे झाले होते. वखारीतील मंडळींची भिस्त उकडलेल्या मक्यावर येऊन ठेपली. कॉफी पुरवून वापरण्यासाठी घेवड्याचे पाणी पिण्याची वेळ आली. ११ मार्च १८३४ या दिवशी राजपुत्रास पहिली लक्षणे जाणवली. आधी गुडघा सुजला, मग सारा पाय सुजून काळसर तांबडा झाला. ताप भरला, अशक्तपणा आला, आणि तो अंथरुणाला खिळला. वैद्य नाही, औषध नाही, रोग कोणता हे सांगणारेही कोणी नाही. एप्रिल उजाडला तेव्हा, हा गृहस्थ फार तर तीन-चार दिवसांचा सोबती, असे भेटीस येणारे लोक समजून चुकले होते.

अशा वेळी मदतीस आला वखारीतील आचारी. सेंट लुईचा हा कृष्णवर्णीय गृहस्थ कौन्सिल ब्लफ्सच्या त्या भीषण साथीचा साक्षीदार होता. राजपुत्राची लक्षणे पाहून तो म्हणाला की हा रोग स्कर्व्हीच असावा, आणि तेथे वसंताच्या आरंभी माळावरचा पाला, विशेषतः पांढऱ्या फुलांचा छोटा कांदा, खाऊ घालून रोगी बरे केले होते. वस्तीतील मुलांना सांगण्यात आले. मुले माळावर पांगली आणि पानांसकट कांदे उपटून त्यांनी ढीग आणून टाकले. पालकाची भाजी चिरावी तसे ते बारीक चिरून राजपुत्रास भरपूर खाऊ घालण्यात आले. चौथ्या दिवशी पायाची सूज पुष्कळशी ओसरली. दिवसेंदिवस शक्ती वाढू लागली, आणि १८ एप्रिल रोजी मॅक्सिमिलियनने फोर्ट क्लार्कचा निरोप घेऊन परतीची वाट धरली.

हा चमत्कार कसा घडला, हे आज आपण जाणतो. आपल्या शरीरातील कातडी, हिरड्या, रक्तवाहिन्या यांना बांधून ठेवणारा जो द्रव्यांश असतो, तो नीट तयार होण्यास ‘क’ जीवनसत्त्व लागते. पुष्कळसे प्राणी हे जीवनसत्त्व आपल्या शरीरातच बनवितात. मनुष्याला मात्र ते अन्नातूनच मिळवावे लागते. वाळविलेल्या धान्यात ते जवळजवळ नसते. कोवळ्या हिरव्या पानांत ते असते, आणि रोज थोडेसे पोटात गेले तरी स्कर्व्ही मागे हटते. अल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी या हंगेरियन शास्त्रज्ञाने १९२८ साली हे द्रव्य वेगळे काढले, पुढे तेच ‘क’ जीवनसत्त्व असल्याचे १९३२ साली सिद्ध झाले, आणि १९३७ साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. म्हणजे आचाऱ्याच्या सल्ल्यामागील कारण उलगडण्यास शास्त्राला आणखी जवळजवळ शंभर वर्षे लागली.

येथे कोणी विचारील की, स्कर्व्हीवरील उपाय तर त्यापूर्वीच माहीत होता ना? होय, होता. जेम्स लिंड या आरमारी वैद्याने १७४७ सालीच बारा आजारी खलाशांवर प्रयोग करून संत्रे आणि लिंबू यांचा गुण दाखवून दिला होता, आणि १७९५ पासून ब्रिटिश आरमारात लिंबाचा रस देण्यात येऊ लागला होता. परंतु ते ज्ञान जहाजांवर राहिले. समुद्रापासून हजारो मैल आत, जेथे लिंबू स्वप्नातही दिसत नाही, तेथे हाच रोग झाला आहे हे ओळखणारा कोणी नव्हता. युरोपातील उत्तम विद्यापीठात शिकलेल्या निसर्गशास्त्रज्ञाला जे कळले नाही, ते आचाऱ्याने ओळखले, कारण त्याने ते डोळ्यांनी पाहिले होते. राजपुत्राने ही गोष्ट आपल्या ग्रंथात मोकळेपणाने नोंदविली, हा त्याचा मोठेपणा मान्य करावयास हवा. तथापि त्या प्रसंगाच्या वर्णनात आचाऱ्याचे नाव नाही. ज्या काळी सेंट लुईच्या बाजारात कृष्णवर्णीय माणसांची खरेदीविक्री राजरोस चालत होती, त्या काळी हे कोणास खटकलेही नसावे.

मुलांचीही नावे अर्थातच कोणी लिहून ठेवली नाहीत. परंतु त्यांचे काम वाटते तितके सोपे नव्हते. त्याच माळावर एक विषारी कंद उगवतो. इंग्रजीत त्याला ‘डेथ कॅमस’ म्हणजे मरणकंद म्हणतात. त्याचीही पाने अरुंद, त्याचाही कंद कांद्यासारखा, आणि फुले येण्यापूर्वी तर नवख्याला दोहोंतील भेद कळणे कठीण. फरक एवढाच की त्याला कांद्याचा वास येत नाही. आपल्याकडील कोळकांदाही दिसावयास कांदाच, पण तो भाकरीबरोबर खाण्याचा नव्हे, हे आपल्या खेड्यांतील पोराटोरांना शिकवावे लागत नाही. तशीच ती मुले होती. कोणता कंद उपटावा आणि कोणता सोडून द्यावा, हे त्यांना आयांबरोबर माळावर हिंडता हिंडता कळले होते. त्यांनी चूक केली असती तर राजपुत्राची कथा तेथेच संपली असती.

श्रोतेहो, येथवरची हकीकत ऐकून मन प्रसन्न होते. परंतु इतिहास तेथे थांबला नाही. मॅक्सिमिलियन परतल्यानंतर तीन वर्षांनी, जून १८३७ मध्ये, ‘सेंट पीटर्स’ नावाची आगबोट माल घेऊन फोर्ट क्लार्कला लागली. त्या बोटीवर देवीचे रोगी होते. जुलैच्या मध्यास मॅन्डन वस्तीत पहिला मृत्यू झाला आणि मग मरणाला खळ उरला नाही. ३० जुलै रोजी मातो-तोपे निवर्तला. साथीपूर्वी मॅन्डन लोकांची संख्या सोळाशे ते दोन हजारांच्या दरम्यान होती असे मानतात. साथीनंतर उरले ते सव्वाशे-दीडशेच्या घरात. तीन वर्षांपूर्वी माळावर धावत जाऊन कांदे आणणाऱ्या मुलांपैकी किती वाचली असतील, याचा हिशोब ज्याने त्याने मनाशी करावा.

आणि हे मरण अटळ नव्हते. एडवर्ड जेन्नरने १७९८ साली देवीच्या लसीची माहिती जगापुढे मांडली होती. १४ जून १८०२ रोजी ती लस आपल्या मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीस टोचण्यात आली आणि तेथून ती हिंदुस्थानात पसरू लागली. म्हणजे युरोपातून वाळवंटे आणि समुद्र ओलांडून जी लस चार वर्षांत मुंबईस पोचली, ती पस्तीस वर्षांनंतरही मिसुरीच्या काठाने मॅन्डन गावापर्यंत पोचली नव्हती. अमेरिकेच्या काँग्रेसने १८३२ साली मूळ रहिवाशांना लस टोचण्याचा कायदा केला होता आणि त्यासाठी बारा हजार डॉलर मंजूरही केले होते. परंतु मिसुरीच्या वरच्या भागात, अरिकारा लोकांच्या पलीकडे डॉक्टर पाठविण्याचे कारण नाही, असे युद्धमंत्री ल्युइस कॅस यांनी ठरविले. मॅन्डनांचे गाव त्या रेषेच्या पलीकडे होते.

या दोन घटना शेजारी शेजारी ठेवून पाहाव्यात असे मला वाटते. एका बाजूस परका माणूस आजारी पडताच आपल्या माळावरचे औषध ओंजळी भरभरून आणणारी मुले, आणि दुसऱ्या बाजूस औषध हाती असताना नकाशावर रेषा ओढणारे सरकार. १८३४ सालच्या वसंतात जे ज्ञान दिले गेले त्याची किंमत कोणी मागितली नव्हती. १८३७ सालच्या उन्हाळ्यात जे ज्ञान रोखले गेले त्याची किंमत मात्र एका अख्ख्या गावाने मोजली.

राजपुत्राचे पुढे काय झाले? त्याच्या संग्रहाचा मोठा भाग ‘असिनिबॉइन’ या आगबोटीबरोबर १८३५ साली जळून गेला. तरीही टिपणवह्या आणि चित्रे त्याच्यापाशी होती. त्यांच्या आधारे त्याने आपल्या प्रवासाचा ग्रंथ १८३९ ते १८४१ या काळात जर्मन भाषेत प्रसिद्ध केला आणि बोडमरच्या चित्रांनी तो सजविला. तो स्वतः १८६७ पर्यंत जगला. ग्रंथ बाहेर पडला तेव्हा त्यात वर्णिलेले गाव उद्ध्वस्त झालेले होते. आज मॅन्डनांची जुनी घरे, त्यांचे विधी, त्यांचा पेहराव, त्यांच्या सरदारांचे चेहरे यांविषयी कोणास जाणून घ्यावयाचे असेल, तर त्याला या ग्रंथाचा आणि या चित्रांचा आधार घ्यावाच लागतो. खुद्द मॅन्डन वंशजांनाही आपल्या पूर्वजांचे रूप तेथेच पाहावे लागते. एप्रिल १८३४ मध्ये तो माणूस मेला असता, तर त्या वह्यांचा असा ग्रंथ बनला असता की नाही याची शंकाच आहे. त्या अर्थाने ओंजळभर कांदे आणणाऱ्या मुलांनी आपल्या गावाची आठवणही वाचविली, असे म्हणावयास हरकत नाही.

वाचलेले मॅन्डन लोक पुढे हिदात्सा आणि अरिकारा या शेजाऱ्यांबरोबर एकत्र राहू लागले. आज नॉर्थ डाकोटा राज्यातील फोर्ट बर्थोल्ड या राखीव प्रदेशात या तीन जमातींचा मिळून एक संघ आहे. तेथेही दैवाने पाठ सोडली नाही. १९५३ साली मिसुरीवर गॅरिसन धरण उभे राहिले आणि त्यांच्या नदीकाठच्या सुपीक जमिनी पाण्याखाली गेल्या. मॅन्डन भाषा लहानपणापासून बोलत आलेले अखेरचे अस्खलित भाषक एडविन बेन्सन २०१६ साली निवर्तले. ती भाषा पुन्हा शिकण्या-शिकविण्याचे प्रयत्न चालू आहेत, आणि त्या अभ्यासकांना मॅक्सिमिलियनने जमविलेले शब्दही हाताशी आहेत.

फोर्ट क्लार्कची जागा आता संरक्षित ऐतिहासिक स्थळ म्हणून राखलेली आहे. लाकडी वखार केव्हाच नाहीशी झाली. गवतात गोल गोल खळगे दिसतात, तेवढ्या जागी मॅन्डनांची घरे होती असे समजावयाचे. बोडमरची चित्रे आणि राजपुत्राच्या वह्या नेब्रास्कातील ओमाहा शहरी, जॉस्लिन कलासंग्रहालयात जतन केलेल्या आहेत. माळाचा मोठा भाग गेल्या दीडशे वर्षांत नांगराखाली गेला. तरी जेथे जमीन उथळ, दगडाळ किंवा उताराची आहे, तेथे जुने गवत टिकून आहे. त्या गवतात, बर्फ वितळले की, विणलेल्या आवरणाचा तो छोटा कांदा अजूनही पाने काढतो. पुढे पांढरी फुले येतात, बी गळते आणि पाने वाळून जातात. आता त्याला औषध म्हणून शोधत कोणी हिंडत नाही. त्या मुलांच्या आणि त्या आचाऱ्याच्या नावाचा स्तंभही माझ्या ऐकिवात नाही. निदान हा कांदा जेथे उगवतो तेथे, आणि जेथे त्याची कथा सांगितली जाते तेथे, त्यांची आठवण व्हावी, एवढ्यासाठीच आज आपला हा वेळ घेतला.